लेणे कोणाचे, विहार कशासाठी?

नाशिक शहराजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यालगत एक डोंगर आहे. त्याचे जुने नाव त्रिरश्मी. शिलालेखांच्या प्राकृतात त्याला तिरण्हु म्हटले आहे. या डोंगरात चोवीस लेणी आहेत आणि त्यांतली बहुतेक विहार म्हणजे भिक्खूंची निवासस्थाने आहेत. सर्वसामान्य नाशिककर मात्र त्यांना 'पांडवलेणी' म्हणतो. पांडवांनी ही लेणी खोदली असे तिथला एकही लेख सांगत नाही. अर्जुन आणि भीमसेन ही नावे एका लेखात येतात, पण ती सातवाहन राजाच्या पराक्रमाला दिलेली उपमा म्हणून. उपमेतले पाहुणे लेण्याचे मालक झाले आणि ज्यांनी दान दिले, ज्यांनी इथे वर्षावास केला, ते लोकांच्या स्मरणातून पुसले गेले. सांस्कृतिक अपहरण असे बेमालूम होते. त्यासाठी दगड फोडावा लागत नाही, नाव बदलले की पुरते.

अलीकडे जुन्या धर्मवास्तूंना 'सांस्कृतिक केंद्र' म्हणून नवजीवन देण्याची भाषा जगभर बोलली जाते. ओसाड मठात चित्रप्रदर्शन भरते, रिकाम्या विहारापुढे दिवे लागतात, गाणे होते, तिकिटे विकली जातात. त्रिरश्मीच्या पायथ्याशीही आज एकीकडे दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि शेजारी नवा बुद्धविहार आहे. वर जुनी लेणी, खाली नवी वास्तू. या सगळ्याचे स्वागत करण्यात आपण कंजुषी करू नये. पडक्या वास्तूपेक्षा नांदती वास्तू केव्हाही चांगली. पण 'नवजीवन' हा शब्द वापरणाऱ्याने आधी एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. या वास्तूचे मूळचे जीवन कोणते होते? ते ठाऊक नसेल तर नवजीवनाच्या नावाखाली आपण दुसऱ्याच कुणाचे जीवन तिच्यावर लादत असू.

सुदैवाने त्रिरश्मीच्या भिंती मुक्या नाहीत. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. राजघराण्यातल्या माणसाने विहार दिला, यात विशेष काही नाही. विशेष आहे तो त्याने लावून दिलेला हिशेब. त्याने तीन हजार कार्षापणे कायम ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेणे सांगते की इथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे मिळावीत. विसाला बाराने गुणा, दोनशे चाळीस येतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा हिशेब आजही चोख जुळतो.

या हिशेबाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भिक्खूच्या अंगावरचे चीवर राजाच्या दानातून आले, हे अर्धसत्य आहे. ते आले विणकराच्या मागावरून. राजजामाताने पैसा ठेवला, पण तो चालवला, वाढवला आणि दरवर्षी वेळेवर चुकता करण्याची जबाबदारी घेतली ती हाताने काम करणाऱ्यांच्या संघटनेने. म्हणजे ज्या काळात ब्राह्मणी स्मृती कारागिराला शूद्र ठरवून त्याच्या संचयाकडेही संशयाने पाहत होत्या, त्या काळात इथे कारागिरांची संघटना ही सर्वांत भरवशाची पेढी होती आणि तिचा करार विहाराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा कोरला जात होता.

पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळात विष्णुदत्ता नावाची शक उपासिका अशीच ठेव ठेवते. तिची ठेव आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी आहे आणि ती आहे कुंभार, पाण्याची यंत्रे करणारे व तेली यांच्या श्रेणींकडे. याच डोंगरावर मुगुदास नावाच्या एकाने आपल्या कुटुंबासह लेणे दिले आहे. अभ्यासकांनी त्याला कोळी, म्हणजे मासेमारी करणारा मानले आहे. उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त या यवनाचे लेणे इथे आहे, दशपूरच्या शक लेखनिकाचे आहे, धंभिक गावच्या लोकांनी मिळून दिलेले दानही आहे. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणी भेटतात, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी भेटते. कार्ल्याच्या भव्य चैत्यावर वैजयंतीच्या श्रेष्ठीचे नाव आहे तसे दारासाठी धेनुकाकटच्या सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचेही आहे.

कोळी, कुंभार, तेली, सुतार, विणकर, कासार, परदेशी यवन आणि शक, गृहस्थ स्त्रिया. ही यादी वाचून आजच्या वाचकाला काय आठवते? पुढल्या हजार-दीड हजार वर्षांत ज्यांना गावगाड्यात बलुतेदार म्हणून जखडले गेले किंवा म्लेंच्छ म्हणून बाहेर ठेवले गेले, तीच ही माणसे. विहाराच्या भिंतीवर त्यांची नावे त्यांच्या धंद्यासह कोरली आहेत आणि धंद्याची लाज त्यात कुठेही नाही. विहार हे सांस्कृतिक केंद्र होते ते या अर्थाने. तिथे शिल्प होते म्हणून नव्हे. श्रम करणाऱ्या माणसाला तिथे नाव होते म्हणून.

इथे आपल्याच उत्साहाला लगाम घालण्याची गरज आहे. आपल्या चळवळीत प्राचीन बौद्ध काळाचे सोनेरी चित्र रंगवण्याची एक सवय पडली आहे. त्रिरश्मीच्याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. विहार भिक्षुसंघाला दिलेला आहे, पण त्याच लेखात तिच्या पुत्राचा, गौतमीपुत्राचा गौरव अद्वितीय ब्राह्मण म्हणून केला आहे आणि त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला हे त्याचे मोठे कर्तृत्व म्हणून सांगितले आहे. उषवदातही विहाराला देतो तसे ब्राह्मणांना गायी आणि गावे देतो आणि तेही त्याच भिंतीवर अभिमानाने नोंदवतो. वर्णव्यवस्थेला विरोध करणाऱ्या धम्माच्या घरात, त्याच्याच भिंतीवर, वर्णरक्षणाची प्रशस्ती कोरली गेली आणि संघाने ती कोरू दिली. राजाश्रयाची किंमत ही अशी असते. शिवाय दात्यांची नावे सापडली तरी ज्यांनी छिन्नी-हातोडा घेऊन हा कातळ पोखरला, त्यांची नावे क्वचितच सापडतात. हे सत्य आपण लपवता कामा नये. ज्या परंपरेचा वारसा सांगायचा तिचे अंतर्विरोधही वारशातच येतात. ते ओळखले तरच आजचे विहार आजच्या राजाश्रयापासून सावध राहतील.

आता या विहारांना पुढे कोणते जीवन मिळाले ते पाहू. संघ गेला, व्यापारी मार्ग बदलले, लेणी ओस पडली. काही ठिकाणी देवस्थान आले. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीवर सातव्या क्रमांकाचा प्रशस्त विहार आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे देऊळ आहे. मोठा मंडप, तिन्ही बाजूंना भिक्खूंच्या खोल्या, ही विहाराची रचना कुणालाही दिसावी इतकी ढळढळीत आहे. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. तिथे येणारा भाविक पाहा. तो प्रामुख्याने कोळी आहे, कष्टकरी आहे. त्याच्या श्रद्धेची टवाळी करून आपल्या हाती काही लागणार नाही. दा. ध. कोसंबी यांनी व्यापारी मार्ग, लेणी आणि मातृदेवतांची ठाणी यांचे नाते उलगडून दाखवले आहे. डोंगरातली देवी ही अनेकदा ब्राह्मणी देवता नव्हे, ती इथल्या आदिम लोकांची देवता आहे. तेव्हा आपला वाद देवीपुढे नवस फेडणाऱ्या कोळ्याशी नाही. तो मुगुदासाचा वंशज असेल. आपला वाद आहे तो त्याला मुगुदास कधी भेटूच न देणाऱ्या व्यवस्थेशी.

दुसरे जीवन पुरातत्त्व खात्याने दिले. संरक्षित स्मारकांचा आजचा कायदा १९५८ सालचा आहे. या खात्यामुळे लेणी वाचली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याच्या धोरणात एक मेख आहे. संरक्षण लागू झाले तेव्हा जिथे पूजाअर्चा चालू होती तिथे ती चालू राहते. जिथे नव्हती तिथे ती नव्याने सुरू करता येत नाही. वरवर हा नियम निःपक्षपाती वाटतो. पण त्याचा परिणाम काय होतो? विहाराचे देऊळ झाले तिथे तो 'नांदता' ठरतो. विहार विहारच राहिला, ओस पडला, तिथे तो 'मृत' ठरतो. आणि १९५६ च्या १४ ऑक्टोबरनंतर लक्षावधी लोक बुद्धाकडे परतले, तेव्हा त्यांचे वंदन ही नवी मागणी ठरते! ज्यांची परंपरा तोडली गेली त्यांच्याकडेच अखंड परंपरेचा पुरावा मागायचा, असा हा न्याय आहे. बुद्धपौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून लेकराबाळांसह डोंगर चढणाऱ्या आयाबाया हा पुरावा कुठून आणणार? त्यांचे येणे हाच पुरावा आहे, एवढेच म्हणता येते.

तिसरे जीवन पर्यटनाचे आणि महोत्सवांचे. वेरूळ-अजिंठ्याच्या नावाने महोत्सव भरतो आणि त्यात शास्त्रीय गायन-नृत्याला मानाचे पान असते. शास्त्रीय संगीताशी आपले वैर नाही. पण ज्या लेण्यांच्या नावावर हा सोहळा उभा आहे, त्यांच्याशी आज जिवंत नाते सांगणाऱ्या समाजाच्या गाण्याला तिथे कोणते पान वाढले जाते? वामनदादा कर्डक हे याच नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातले, देशवंडीचे. गावोगाव, वस्तीवस्तीत त्यांची गाणी गेली आणि अक्षर न ओळखणाऱ्या माणसांपर्यंत बुद्ध आणि बाबासाहेब पोचले. बाबुराव बागूल नाशिकच्याच विहितगावचे. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेला तोवर न दिसलेला माणूस दिसला. त्रिरश्मीच्या परिसरात सांस्कृतिक केंद्र असावे असे कुणाला मनापासून वाटत असेल, तर त्याची सुरुवात या दोन नावांपासून व्हायला हवी. 'वारसा' आणि 'संस्कृती' हे शब्द उच्चारताना ज्यांच्या डोळ्यांसमोर फक्त दगड येतो, त्यांना ही नावे आठवत नाहीत.

या डोंगरापासून काही मैलांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी त्याच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे नेटाने चालवला. दगडांचा मार खाल्ला, तुरुंग भोगला, दार उघडले नाही. एकाच गावात ही दोन स्थळे आहेत. एका स्थळी कोळ्याचे, तेल्याचे, परदेशी यवनाचे नाव भिंतीवर कोरलेले आहे. दुसऱ्या स्थळी जन्मामुळे माणसाला उंबरठा बंद होता. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. बंद दार ठोठावत बसण्याचा मार्ग त्यांनी सोडला.

मग त्यांनी काय उभारले? जुन्या विहारांचा ताबा मागण्याआधी त्यांनी महाविद्यालये उभारली. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले महाविद्यालय. त्या परिसराचे नाव नागसेनवन. ही नावे सहज ठेवलेली नाहीत. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्न विचारणारा. नागसेन हा भिक्खू, उत्तर देणारा. महाविद्यालयाला नाव दिले ते प्रश्न विचारणाऱ्याचे. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच शिकायला आलेल्या मुलाला पहिला धडा मिळाला तो हा की प्रश्न विचारणे हे तुझे काम आहे. त्याच वातावरणात प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक उभे राहिले आणि तिथूनच पुढे दलित साहित्याची एक सबंध पिढी लिहिती झाली. गावाच्या एका बाजूला डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेतच. पण प्राचीन विहाराला खरे नवजीवन मिळाले ते तिकडे नव्हे, वसतिगृहाच्या कंदिलाखाली.

विहार ही वास्तू नसून व्यवस्था आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. राहण्याची सोय, शिकण्याची सोय, वाद करण्याची मोकळीक आणि हे सगळे चालवणारा कष्टकऱ्यांचा पैसा, या गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे विहार असतो. मग छत कातळाचे असो की पत्र्याचे.

ही कसोटी आपण इतरांना लावली. आता ती स्वतःला लावू. धर्मांतरानंतर वस्त्यावस्त्यांत विहार उभे राहिले. कुडाच्या भिंती, वर पत्रा, आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. तिथे संध्याकाळी पोरे अभ्यासाला बसत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, गायनपार्टीची तालीम होई, मोर्चाची बैठक होई, कुणाचे लग्न लागे, कुणाची शोकसभा भरे. गरिबीतले ते विहार संस्कृतीची जिवंत केंद्रे होती. आज अनेक ठिकाणी त्यांच्या जागी संगमरवरी वास्तू आहेत. मूर्ती मोठी झाली आहे, अंगण छोटे झाले आहे. सकाळ-संध्याकाळ वंदनेपुरते दार उघडते आणि पुन्हा कुलूप लागते. किल्ली कुणाकडे यावर दोन गट पडतात. निवडणुकीच्या तोंडावर निधी येतो आणि त्यासोबत निधी देणाऱ्याच्या नावाची पाटीही येते.

या पाटीची त्रिरश्मीच्या लेखाशी तुलना करून पाहावी. उषवदाताच्या लेखात त्याचे नाव आहेच, आत्मगौरवही भरपूर आहे. पण त्याखाली पैसा किती, कुणाकडे, कोणत्या दराने, किती भिक्खूंसाठी, कशासाठी, हे सारे आहे. विष्णुदत्तेच्या लेखात औषध आहे. आमच्या पाटीवर फक्त नाव आहे. किती मुलांच्या पुस्तकांसाठी, किती मुलींच्या शिकवणीसाठी, कोणत्या आजाऱ्याच्या औषधासाठी, याचा एक शब्द नाही. दोन हजार वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो?

काही मंडळी म्हणतील, लेणी ताब्यात येऊ द्या, मग सगळे करू. ताब्याचा प्रश्न खरा आहे, तो लढलाही पाहिजे. पण ताबा मिळाल्यावर तिथे काय करणार याचे उत्तर ज्याच्या वस्तीतल्या विहारात दिसत नाही, त्याच्या मागणीला बळ येत नाही. एका मूर्तीच्या जागी दुसरी मूर्ती, एका आरतीच्या जागी दुसरी वंदना, एवढाच बदल घडणार असेल तर मुगुदासाला पुन्हा एकदा बाहेरच उभे राहावे लागेल.

तेव्हा मागण्या दोन्हीकडे केल्या पाहिजेत. शासनाकडे मागणी अशी की त्रिरश्मी, जुन्नर, कार्ले, कान्हेरी येथे प्रत्येक लेखासमोर त्याचा सोप्या मराठीतला संपूर्ण अर्थ लावावा. नुसते शतक आणि राजाचे नाव नको, विणकर आणि तेलीही त्यात दिसले पाहिजेत, वर्णसंकराची ओळही दिसली पाहिजे. शाळेच्या सहलीला आलेल्या कुंभाराच्या, कोळ्याच्या, महाराच्या पोराला आपले माणूस भिंतीवर वाचता आले पाहिजे. पायथ्याशी जे कार्यक्रम होतील तिथे शाहिरीला, कवितेला, कथावाचनाला जागा मिळाली पाहिजे आणि सभागृहाचे भाडे वस्तीतल्या गायनपार्टीला परवडेल असे असले पाहिजे. जिथे भाडे परवडत नाही तिथे बंदीची पाटी लावण्याची गरजच उरत नाही.

आणि स्वतःकडे मागणी अशी की येत्या वर्षावासाचे तीन महिने प्रत्येक वस्तीतल्या विहाराने आपले दार रात्री दहापर्यंत उघडे ठेवावे. एक दिवा, एक सतरंजी, एक कपाट पुस्तके आणि शिकवायला बसणारा एक शिक्षक, एवढे पुरे. या मासिकाचे वाचक बहुतेक शिक्षक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. हे काम त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. खर्चाचा हिशेब विहाराच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असा लिहावा. किती जमले, कुणी ठेवले, किती मुलांसाठी वापरले.

वीस भिक्खूंचे बारा कार्षापणांप्रमाणे दोनशे चाळीस झाले होते. आपल्या भिंतीवर कोणता आकडा लिहायचा, ते आपण ठरवायचे आहे.